उण्याकडे सरकणारी कडी

बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीला, डोळा लावायच्या बाजूला, एक कडी असते. बोटानं फिरते. तिच्या एका अंगाला अधिक, दुसऱ्या अंगाला उणे, मध्ये शून्य. ज्याचा जसा डोळा तशी तो ती फिरवतो, म्हणजे आतली बारीक फुली स्वच्छ दिसते. चष्म्याच्या नंबरासारखंच ते. एकदा फिरवली की गिऱ्हाईक तिला सहसा पुन्हा हात लावत नाही. आमच्या दुकानात मात्र प्रत्येक दुर्बिणीची कडी हलते, कारण नेम बसवताना माइस्टर ती स्वतःच्या डोळ्याला जुळवून घेतात. काम झालं की तिला गिऱ्हाइकाच्या जागेवर परत आणायचं काम माझं. त्यासाठी मी आधीच पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारून ठेवतो.

गेल्या वर्षी जुलैत, चेरी उतरायच्या दिवसांत माझ्या लक्षात आलं, की कडी परत आणायला मला पूर्वीपेक्षा जास्त फिरवावं लागतंय. आणि दर वेळी एकाच बाजूनं. माइस्टरांचा डोळा उण्याकडे चालला होता. हे त्यांना सांगायला मला एप्रिल उजाडला. ते नऊ महिने माझे कसे गेले ते माझं मला माहीत.

माइस्टर म्हणजे आमचे मालक. बंदुका बनवायच्या आणि दुरुस्त करायच्या धंद्यातली शेवटची परीक्षा पास झालेला माणूस, म्हणून माइस्टर. वय एकाहत्तर, उंच, जरा पोक काढून चालणारे, बोलणं मोजकं. दुकान हॅम्बर्गच्या दक्षिणेला. एल्बे नदी ओलांडली की सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागा लागतात, त्यांच्या कडेच्या एका गावात. मी तिथं सहा वर्षं आहे.

मी तिथं कसा पोचलो, ते सांगायला हवं. माझी बायको डॉक्टरेट करायला इकडे आली आणि आता विमानं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. मी तिच्या मागोमाग आलो, नवरा म्हणून. माझं शिक्षण नववी नापास. तिची सर्टिफिकेटं एका जाड फायलीत आहेत. माझा आठवीचा एक कागद त्याच फायलीत शेवटी, प्लास्टिकच्या पिशवीत. नोकरीच्या ऑफिसातल्या बाईंनी तो कागद उलटून मागंही बघितला, मागं काही आहे का म्हणून. मग मी दोन वर्षं एका गोदामात खोकी चिकटवली. तिथंही मी रोज घाबरूनच असायचो, आज कुणी काही विचारेल आणि मला जर्मन कळणार नाही.

एका रविवारी आम्ही मुलीला घेऊन सायकलींवर बागांकडे गेलो होतो. एका दुकानाच्या काचेवर हातानं लिहिलेला कागद होता. बायकोनं वाचला आणि हसायला लागली. ती मला एरवी अरे-तुरे करते. चिडवायचं असलं की मात्र अहो.

“अहो, इथं तुमचंच वर्णन लावलंय. मदतनीस हवा, हात शांत असावेत, बडबड नसावी.”

मी म्हटलं, बंदुकांचं दुकान आहे ते. ती म्हणाली, बंदुकांचं असलं तरी काचेत सगळ्या दुर्बिणीच आहेत, नीट बघ.

दुर्बिणी मला कळतात. इकडे यायच्या आधी मी पंधरा वर्षं पुण्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो. जमीन मोजायची, उतार काढायची यंत्रं तिथं दुरुस्तीला यायची. लेव्हल, थिओडोलाइट. वर्कशॉपचे मालक नात्याचे कुणी नव्हते, पण आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. अगदी जुन्या यंत्रांत फुलीसाठी कोळ्याचा धागा असतो. तो तुटला की काका दुसरा लावायचे, आणि पुढं पुढं मी. कोळी पकडायचा, तारेच्या आकड्यावर त्याचा धागा गुंडाळून घ्यायचा, भिंगाखाली धरून ताणायचा. त्या वेळी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यायचा. शाळेत मला एका जागी बसवत नसे, पण त्या धाग्यापाशी मी दोन-दोन तास बसायचो.

माइस्टरांनी सर्टिफिकेट मागितलं नाही. एक जुनी, पोलादी नळीची दुर्बीण पुढं ठेवली. आतली फुली तिरकी झाली होती. ती मी उघडली, पुसली, फुली सरळ केली, बंद केली. ते सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होते, तोंडाकडे एकदाही नाही. शेवटी दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाले, “जा.” जर्मनमध्ये जा म्हणजे हो. हे मला ठाऊक होतं, तरी त्या क्षणी माझी मान दाराकडे वळलीच.

आता काम काय, ते थोडक्यात. आमच्याकडे हरणं मारणारे शिकारी येतात, पण त्याहून जास्त येतात ते शेताची नासधूस करणाऱ्या जनावरांच्या मागं असलेले. कावळे पेरलेला मका उकरतात, चेरीवर तुटून पडतात. न्यूट्रिया नावाचा मांजराएवढा पाणउंदीर नदीच्या बांधात बिळं करतो, आणि इथली निम्मी गावं त्या बांधाच्या भरवशावर झोपतात. ही जनावरं हुशार. माणूस दिसला की उडतात, नाहीतर पाण्यात. मग लांबून, दीडशे-दोनशे मीटरवरून नेम धरावा लागतो. कावळ्याचं अंग म्हणजे मूठभर. नेम चार बोटं चुकला तर एकतर कावळा सुटतो नाहीतर जखमी होतो, आणि जखमी जनावर ही इथल्या चांगल्या शिकाऱ्याला शरमेची गोष्ट वाटते. म्हणून बंदूक आणि दुर्बीण एकमेकींशी जुळवून द्यायची. शंभर मीटरवर कागद लावायचा, तीन गोळ्या झाडायच्या, त्या कुठं बसल्या ते बघायचं आणि दुर्बिणीवरची चाकी फिरवायची. चाकी एकदा टक करून वाजली की गोळी शंभर मीटरवर एक सेंटीमीटर सरकते. गोळ्या माइस्टर झाडायचे. दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीतून कागद बघायचा आणि चाकी फिरवायची, हे मी.

सासूबाई व्हिडिओवर दर महिन्याला विचारतात, “जावईबापू, तुम्ही नेमकं काय करता तिथं?” घरात पंचशील म्हणणारी माणसं आम्ही. पहिलंच शील जीव न घेण्याचं. बायको मागून सांगते, आई, तो दुर्बिणी दुरुस्त करतो. ते खरंच आहे. मी कागदाशिवाय कशावर गोळी झाडलेली नाही. तरी ते वाक्य ऐकलं की मी पाणी प्यायला उठतो. याचा निकाल माझ्याच्यानं अजून लागलेला नाही, इथं लावायचाही नाही. एवढंच कळतं, की लोक बंदूक चालवणारच आहेत, आणि आमची चाकी चुकली तर जीव तडफडून जाईल.

पहिल्याच महिन्यात मी ती चुकवली होती. गावात गुरांच्या एक निवृत्त डॉक्टर आहेत, सगळे त्यांना फ्राऊ डॉक्टर म्हणतात. साठीच्या पुढच्या, खणखणीत. बागांमधले कावळे मारायचं काम त्यांच्याकडे. त्यांची बंदूक होती, आणि त्या स्वतः मागं उभ्या होत्या. गोळी सहा सेंटीमीटर खाली बसली. म्हणजे चाकी ‘वर’ लिहिलेल्या बाणाकडे सहा वेळा. मी सहा वेळा फिरवली. पुढची गोळी बारा सेंटीमीटर खाली. आता बारा वेळा फिरवली. पुढची गोळी कागद सोडून खालच्या लाकडी चौकटीत.

झालं असं होतं, की जुन्या लेव्हलमधून बघितलं की जग उलटं दिसतं. मोजपट्टी धरून उभा राहिलेला माणूस डोक्यावर उभा. त्यामुळे फुली वर न्यायची तर आमचा हात खाली जायचा. पंधरा वर्षं मी उलटं जग सुलटं करून वाचलं होतं, आणि ते डोक्यात कमी, बोटांत जास्त मुरलं होतं. बाण डोळ्यांना दिसत होता, बोटं आपल्या सवयीनं उलटी जात होती.

फ्राऊ डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “आणखी एकदा फिरवा. मग थेट जमिनीखालची चिचुंद्री मिळेल. तिला मारायला बंदी आहे, एवढं लक्षात ठेवा.”

मला वाटलं, झालं, उद्यापासून परत खोकी. पण माइस्टर बाकावरून उठले आणि त्यांना म्हणाले, चूक माझी आहे, मी त्याला बाण दाखवला, पण तो बाण गोळीचा आहे, फुलीचा नाही, हे सांगितलं नाही. मग स्वतः येऊन माझ्या बोटांवर बोटं ठेवून त्यांनी चाकी फिरवली. संध्याकाळी दुकानात मला कागदावर लेव्हल काढून दाखवायला लावली. कितीतरी वेळ बघत बसले. “पंधरा वर्षं यानं जग उलटं बघितलं,” ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “आणि तरी तिकडची घरं उभी आहेत.” ते हसत होते, पण मला त्यात कुठं बोचलं नाही. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि दोन वेळा जेवलो.

तर असा हा माणूस. आणि त्याचा डोळा चालला होता.

चेरीच्या दिवसांत कडीचा फरक केसाएवढा होता. सफरचंदं उतरली तेव्हा पाव फेरा. नाताळात त्याहून पुढं. मी काही वहीत लिहीत नव्हतो, पण बोटांना कळतं. त्यातच माइस्टर खुशीत सांगायला लागले, की त्यांचा वाचायचा चष्मा सुटला. एकाहत्तराव्या वर्षी पेपर बिनचष्म्यानं. गिऱ्हाईक आलं की स्क्रूच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवायचे. लोक म्हणायचे, माइस्टर, तुम्ही तरुण होत चाललात. मी मान खाली घालून पुसत राहायचो.

कारण हे मी आधी एकदा बघितलं होतं. पुण्याच्या काकांचा चष्माही असाच सुटला होता. त्यांनी पेढे वाटले होते. आणि त्याच सुमाराला दुरुस्त झालेल्या यंत्रांची कडी मी उण्याकडून परत आणायला लागलो होतो. तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. जवळचं लख्ख दिसायला लागतं आणि लांबचं धुरकट होतं, ती मोतीबिंदूची एक चाल असते, हे मागाहून डॉक्टरांनी सांगितलं. पण काहीतरी बिघडतंय एवढं मला कळत होतं. मी बोललो नाही. उस्तादाच्या डोळ्याला नावं ठेवणारा मी कोण, नववी नापास? मग एक लेव्हल चुकीची जुळवून बाहेर गेली. एका ठेकेदारानं तिच्या भरवशावर गटाराचा उतार काढला आणि पाणी उलटं वाहायला लागलं. तो दुकानात येऊन, सगळ्यांसमोर, काकांना जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. काकांनी ऐकून घेतलं. सहा महिन्यांत दुकान बंद झालं.

म्हणून मला झोप नव्हती. इकडे दर वर्षी मे महिना लागायच्या आधी एका शनिवारी आसपासचे सगळे शिकारी मैदानावर आपापल्या बंदुका घेऊन येतात, हंगामाआधी नेम तपासायला. ज्याचा चुकलेला असतो त्याची बंदूक माइस्टर हातात घेतात, सगळ्यांसमोर तीन गोळ्या झाडतात, आणि तिन्ही भोकं एका नाण्याखाली मावतात. चाळीस वर्षांचं त्यांचं नाव त्या नाण्यावर उभं आहे. या वर्षी ती मावणार नव्हती. आणि हे सगळ्या जगात मला एकट्याला माहीत होतं.

मार्चअखेर मी बायकोपाशी तोंड उघडलं. ती कांदा चिरत होती. सुरी ठेवली.

“म्हणजे तू जुलैपासून बघतोयस? आणि गप्प?”

मी म्हटलं, कसं सांगू, ते मालक आहेत.

“ते माणूस आहेत. गाडी चालवतात ना ते? संध्याकाळी?”

ते मला सुचलंच नव्हतं. मग मला दुप्पट भीती वाटायला लागली. मोतीबिंदूला जर्मनमध्ये ग्राउअर श्टार म्हणतात. ती मला आठवडाभर स्वयंपाकघरात वाक्यं पाठ करून घेत होती. मुलगी टेबलापाशी गृहपाठ करता करता न बघताच दुरुस्त करायची, “नाइन, पापा,” म्हणजे असं नाही, आणि माझा उच्चार सुधारून पुन्हा वहीत डोकं. आठ वर्षांची ती. माझी शाळा अशी चाळिशीनंतर पुन्हा सुरू झाली.

त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी फ्राऊ डॉक्टर दुकानात आल्या. फेब्रुवारीत आम्हीच नेम बसवून दिलेली त्यांची बंदूक त्यांनी टेबलावर ठेवली. माइस्टरांना म्हणाल्या, “माझा कावळा सुटला तर मला चालतं. काल एक पंख मोडून बागेत पळत होता. ते मला चालत नाही.” आणि निघून गेल्या. माइस्टरांनी बंदूक उचलून पेटीत ठेवली. शुक्रवारी मैदानावर जाऊ, म्हणाले.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघंच होतो. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, मध्ये शंभर मीटरची गवताची पट्टी, टोकाला कागद. माइस्टरांनी वाळूच्या पिशवीवर फ्राऊ डॉक्टरांची बंदूक टेकवली, कडी फिरवली आणि तीन गोळ्या झाडल्या. मी मोठ्या दुर्बिणीतून बघितलं. तीन भोकं तीन दिशांना. ती झाकायला चहाची बशीच लागली असती.

वारा आहे, ते म्हणाले. वाऱ्याची दिशा दाखवायची चिंधी वाळत घातलेल्या ओल्या मोज्यासारखी लटकत होती. मग म्हणाले, दुर्बिणीच्या बैठकीचा स्क्रू ढिला असेल. स्क्रू मी सकाळीच तपासले होते, त्यांनाही ते माहीत होतं. मग म्हणाले, काडतुसं खराब आली असतील. पुन्हा तीन झाडल्या. पुन्हा बशी. त्यांनी कागदाकडे डोळे बारीक करून बघितलं आणि सांगितलं, डावीकडे दोन क्लिक.

माझा हात चाकीवर होता. तो फिरला नाही.

“दोन क्लिक,” ते पुन्हा म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं.

सहा वर्षांत मी त्यांना नाही म्हटलेलं नव्हतं. ते बाकावरून वळले. मला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मी नुसतं कडीवर बोट ठेवलं. माझी पेन्सिलीची रेघ कुठं आणि त्यांनी फिरवलेली जागा कुठं, ते दाखवलं. मग म्हटलं, बिघाड बंदुकीत नाही, माइस्टर. पूर्वी एवढं होतं, आता एवढं. सगळ्या बंदुकांवर एवढं. आणि मग काकांचं सांगितलं. पेढ्यांचं, चष्म्याचं, गटाराचं. कसल्या जर्मनमध्ये सांगितलं कुणास ठाऊक, क्रियापदं सगळी शेवटी ढीग करून टाकली असतील. ग्राउअर श्टार तेवढं नीट आलं.

त्यांनी डोळे कडीजवळ नेऊन बघितलं. जवळचं त्यांना लख्ख दिसत होतंच. मग डावा डोळा झाकून कागदाकडे बघितलं. मग उजवा झाकून. बांधावर एक कावळा येऊन बसला होता, तो उडून गेला तरी ते तसेच.

“केव्हापासून माहीत आहे?”

“चेरीच्या वेळेपासून.”

“आणि आज सांगता.”

“जा.”

“माझी भीती वाटते तुम्हाला?”

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, नोकरीची वाटते, पण ती कमी. तुम्हाला वाईट वाटेल, याची जास्त.

“वाईट वाटलंय,” माइस्टर म्हणाले.

त्यांनी बंदूक पेटीत ठेवली, काडतुसं मोजून डब्यात घातली, वाळूची पिशवी झटकली. सगळं नेहमीच्या क्रमानं. मी मागं मागं चालत होतो आणि मनात गोदामातल्या जुन्या मुकादमाचा नंबर आठवत होतो. गाडीपाशी आल्यावर ते थांबले. खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली.

ती गाडी त्यांनी कधी कुणाला चालवायला दिलेली मी बघितली नव्हती. मी तिसऱ्या प्रयत्नात लायसन्स मिळवलेला माणूस. गावापर्यंत तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. मागं एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. माइस्टर खिडकीतून बाहेर बघत होते. घरापाशी उतरताना एवढंच म्हणाले, “गिअर पाचपर्यंत आहेत.”

रात्री बायकोला म्हटलं, नोकरीवरून काढत नाहीत बहुतेक. ती म्हणाली, किल्ली देऊन कुणी कुणाला काढतं का, वेड्या.

शनिवारी मैदान भरलं होतं. माइस्टर आले, पण बाकावर बसले नाहीत. कडेच्या टेबलापाशी खुर्ची टाकून बसले. बंदुका झाडायला त्यांनी फ्राऊ डॉक्टरांना बोलावून घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी फोन करून त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण त्या माझ्याकडे बघून मान हलवून गेल्या. त्या झाडणार, मी चाकी फिरवणार. लोकांनी विचारलंच, आज तुम्ही नाही? मी दुर्बिणीत डोळा घालून बसलो होतो, पण कान तिकडे.

“डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय,” माइस्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मोतीबिंदू असावा. हा म्हणतो.” आणि माझ्याकडे बोट.

एक दाढीवाला शेतकरी म्हणाला, मग आता दुकान हा चालवणार काय.

“गाडी हा चालवतो,” माइस्टर म्हणाले. “दुकान मी.”

लोक हसले, आणि विषय तिथं संपला. मी इतके दिवस ज्या लाजेला घाबरत होतो, ती त्यांनी स्वतःच उचलून टेबलावर ठेवली होती, काडतुसाच्या डब्यासारखी. कुणी तिला हात लावला नाही. मला मात्र मोठ्या दुर्बिणीतून काही वेळ कागद दिसेना. कडी फिरवून बघितली, पण बिघाड तिच्यात नव्हता.

फ्राऊ डॉक्टरांची बंदूक आम्ही सगळ्यांत शेवटी घेतली. त्यांनी तीन झाडल्या. तीन भोकं एकाला एक चिकटून, पण चार सेंटीमीटर डावीकडे. मी बाण बघितला, तोंडानं पुटपुटलो, गोळीचा बाण, आणि उजवीकडे चार क्लिक दिले. पुढच्या तीन मधोमध. माइस्टरांनी कागद मागवून घेतला, खिशातलं नाणं त्या भोकांवर ठेवलं. तिन्ही मावली. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

“चिचुंद्री वाचली,” फ्राऊ डॉक्टर मला म्हणाल्या.

रविवारी दुपारी मी पुण्याला काकांना फोन लावला. त्यांचं ऑपरेशन मागेच झालंय, एका डोळ्यानं बरं दिसतं, टीव्ही बघतात. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि मग जे इतकी वर्षं सांगायचं राहिलं होतं तेही. की काका, तुमचीही कडी मला दिसली होती. मी बोलायला पाहिजे होतं.

काका म्हणाले, “तेव्हा बोलला असतास तर हातातला पाना फेकून मारला असता तुला.”

मग त्यांनीच विचारलं,

“त्यानं नाही मारला?”

“नाही. गाडीची किल्ली दिली.”

“मग बरा माणूस आहे. त्याला सोडू नकोस.” आणि विचारलं, तिकडे कोळी मिळतात का रे चांगले.

माइस्टरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायला उन्हाळा आला, कारण इथं डॉक्टरचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला फार दिवस लागतात. आधी उजवा, मग डावा. तोवर त्यांना दवाखान्यात मी नेलं-आणलं. चौथ्या गिअरपर्यंत माझी मजल गेली. पट्टी निघाल्यावर पहिल्या दिवशी दुकानात आले, टेबलावरचा पेपर उचलला, लांब धरला, जवळ धरला आणि खाली टाकला. वाचायचा चष्मा पुन्हा लागला होता. दिवसभर कुरकुरले, की तुमच्यामुळे मला आता चष्मा शोधत हिंडावं लागतंय. मग काचेतून बाहेर बघत म्हणाले, समोरच्या बागेच्या कुंपणाला इतका गंज चढलाय, हे मला कुणी सांगितलं नाही.

दुपारी त्यांनी कपाटातून स्वतःची बंदूक काढली. दुर्बीण डोळ्याला लावली, कडी फिरवत आणली. शून्याच्या अगदी शेजारी. मला बोलावलं आणि हातात बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी दिली. म्हणाले, इथं खूण करा. पेन्सिलीची नको, रंगाची. मी श्वास बाजूला सोडून केली.

“आल्झो, तर आता तुम्ही बघा.”

मी डोळा लावला, कडी माझ्या डोळ्याला जुळवली. त्यांनी डबी बदलली, पिवळी दिली. माझी खूण मी केली, त्यांच्या खुणेपासून दोन केसांवर.

“दर वर्षी त्या शनिवारच्या आधी दोन्ही बघायच्या,” माइस्टर म्हणाले. “सरकली असेल तर त्याच दिवशी सांगायचं. चेरीची वाट बघायची नाही. गेनाऊ?”

“गेनाऊ,” मी म्हटलं. म्हणजे अगदी तसंच.

आता सफरचंदं उतरतायत. काल मी टेबलापाशी एक जुनी दुर्बीण पुसत होतो. माइस्टर चष्मा कपाळावर ढकलून कपाटाकडे गेले, बंदूक काढली आणि मला म्हणाले, जरा बघा यातून. मला वाटलं त्यांना काही जाणवलं असेल. मी घाईनं डोळा लावला, कडी जुळवली. त्यांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, चष्मा खाली ओढून पिवळ्या खुणेकडे नीट बघितलं आणि बंदूक परत कपाटात ठेवली.

“तुमची तिथंच आहे,” ते म्हणाले. “उगाच घाबरत जाऊ नका.”

मी काही विचारलं नव्हतं.